कोरड्या विहिरीतली हवा

बोरीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी शिवरंजनी भित्री आहे, ही गोष्ट गावात कुणापासून लपलेली नव्हती. गॅसची शेगडी पेटवताना ती हात लांब करायची आणि तोंड दुसरीकडं फिरवायची. मोटारीच्या स्टार्टरला तिनं कधी बोट लावलं नाही. नवरा श्रीशैल याचं गावात बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान होतं. फवारणीच्या औषधांचे डबे तो दिवसभर हाताळायचा, आणि ही दुकानावर आली की पदर नाकाला लावून बाहेरच उभी राहायची. सासरे मन्मथअप्पा कमी बोलणारे, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे ओढून सकाळीच शेताकडं निघणारे. तेही कधीतरी हसून म्हणायचे, की आमच्या सूनबाईला देवानं डोकं दिलं, पण काळीज द्यायचं विसरला.

जन्मापासून ती तशी नव्हती. पाथरीला तिच्या वडलांचं भुसार दुकान होतं. लहानपणी पोत्यांच्या थप्पीवर चढून खालच्या कडब्यात उड्या मारणारी ती पोरगी. भीती तिच्यात शिरली ती परभणीला कॉलेजात असताना. प्रयोगशाळेत तिच्या शेजारी राजनंदिनी नावाची मुलगी उभी असायची. हसरी, घाईची. एके दिवशी सरांची पाठ वळलेली असताना तिनं तीव्र सल्फ्युरिक ॲसिडच्या चंचुपात्रात वरून पाणी ओतलं. ॲसिड पाण्यात थेंबथेंब सोडायचं, पाणी ॲसिडात कधी ओतायचं नाही, हे दोघींनी आदल्याच तासाला वहीत उतरवून घेतलेलं होतं. पात्रात फसकन उकळी फुटली आणि सगळं राजनंदिनीच्या हातावर, गळ्यावर उडालं. शिवरंजनीच्या अंगावर एक शिंतोडाही आला नाही. पण तो वास आणि ती किंकाळी तिच्यात राहिली. राजनंदिनीनं पुढं कॉलेज सोडलं. शिवरंजनी शिकत राहिली, चांगल्या मार्कांनी पास झाली, बी.एड. केलं, मात्र त्या दिवसानंतर बाटलीचं बूच उघडताना तिचा हात कापला नाही असं कधी झालं नाही.

अशी बाई रसायनं शिकवायला निघाली याचं तिला स्वतःलाच नवल वाटायचं. पण शिकवायची ती मन लावून. जून महिन्यातला तिचा पहिला तास ठरलेला असे. कुठल्याही बाटलीला थेट नाक लावायचं नाही, हातानं वारा घालून वास घ्यायचा. चव तर कशाचीच घ्यायची नाही. दिसतं ते सगळं पाणी नसतं. पोरं तिला मागं 'सावधान मॅडम' म्हणायची आणि ते तिला ठाऊक होतं.

एका ठिकाणी मात्र पोरं दरवर्षी अडकायची. वायूला वजन असतं, हे त्यांच्या गळी उतरायचं नाही. जे दिसत नाही, मुठीत धरता येत नाही, त्याला वजन कसलं? मग ती फळ्यावर हिशोब मांडायची. कार्बनचे बारा, ऑक्सिजनचे सोळा आणि सोळा, झाले चव्वेचाळीस. हवा सगळी मिळून एकोणतीसच्या आसपास. म्हणून कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. परीक्षेत एका मार्काला हमखास येणारं वाक्य. पोरं ते पाठ करायची, पेपरात लिहायची आणि विसरून जायची. खरं सांगायचं तर शिवरंजनीनंही ते तसंच पाठ केलेलं होतं. त्या जडपणाचा भार तिला कधी जाणवला नव्हता.

त्या वर्षी एप्रिलमध्येच शेतातल्या बोअरचं पाणी गेलं. मोसंबीची झाडं पिवळी पडायला लागली. आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या गोठा-छपराच्या, मागं अप्पांच्या वडलांच्या वेळची एक विहीर होती. बोअर घेतल्यापासून ती कुणी वापरली नव्हती. जनावर पडू नये म्हणून वरून पत्रे टाकलेले, आणि त्या पत्र्यांच्या फटीतून सोयाबीनचं काड, झाडांचा पाला, आणखी काय काय वर्षानुवर्षं आत पडत गेलेलं. खाली पाणी म्हणावं असं काही उरलं नव्हतं, नुसता काळा गाळ. अप्पांनी ठरवलं, की गाळ काढून बघू, झरे मोकळे झाले तर झाडं तगतील. गाळ काढायचं काम परमेश्वर आणि जीवन या दोघा भावांना दिलं. विहिरींची कामं करण्यात त्यांची हयात चाललेली. त्यांची आई बायनाबाई अप्पांच्या शेतात निंदणी-खुरपणीला कायम असायची.

रविवार होता. शिवरंजनी सगळ्यांचा चहा आणि नाष्टा घेऊन शेतावर पोचली, तेव्हा विहिरीची पूजा होऊन गेलेली होती. काठावर नारळाच्या करवंट्या, हळदकुंकू, आणि एका दगडाच्या आडोशाला तेवत असलेलं निरांजन. पत्रे बाजूला रचून ठेवलेले. तिनं किटली खाली ठेवली आणि जीवनला विचारलं, की परमेश्वरभाऊ कुठं दिसत नाहीत. तो दोराच्या गाठी तपासत होता. तोंडही वर न करता म्हणाला, की दादा खाली गेलाय, गाळ किती हाय बघून येतो म्हणला.

विहिरीला आतल्या बाजूनं लोखंडी कड्या ठोकलेल्या होत्या. त्यांच्यावर पाय देत तो उतरलेला. दोर बांधला नव्हता. नुसतं बघून तर यायचं होतं.

शिवरंजनीनं विचारलं, पत्रे कधी काढले. श्रीशैल म्हणाला, काल दुपारीच. बंद विहीर होती म्हणून मुद्दाम रातभर उघडी ठेवली, काय वाफबीफ असंल ती उडून गेली असंल.

उडून गेली असेल. हे शब्द तिच्या कानात अडकले. हलकं असतं ते उडून जातं. सडलेल्या पाल्यातून निघालेला तो वायू उडणारा नव्हता. विहीर उघडी ठेवा नाहीतर झाकून ठेवा, तो तळाशी पाण्यासारखा बसून राहणार होता.

तिनं काठाशी जाऊन हाक मारली. खालून उत्तर आलं नाही. आला तो एक आवाज, माणूस गाढ झोपेत घोरतो तसा.

सगळे काठाकडं धावले. उन्हाची तिरीप आत अर्ध्यापर्यंतच पोचत होती. डोळे सरावले तेव्हा दिसलं, की गाळापासून माणूसभर उंचीवर दगडाचा एक टप्पा पुढं आलेला होता, त्याच्यावर परमेश्वर कुशीवर पडलाय. एक हात खाली लोंबतोय. आणि ते घोरणं चाललेलं, ओढून ओढून, मधेच थांबणारं.

जीवननं दोर फेकला आणि पहिल्या कडीवर पाय ठेवला.

शिवरंजनीनं त्याच्या दंडाला धरलं. पुढं कितीतरी दिवस तिला आठवत राहिलं ते हे, की तिनं आधी धरलं आणि विचार नंतर केला. तो तिच्यापेक्षा दुप्पट ताकदीचा. त्यानं हात झटकला तर ती दोन हात लांब पडली असती. पण परक्या घरची बाई, शाळेतली मॅडम आपला दंड धरतेय या अचंब्यानं तो क्षणभर थबकला.

"सोडा मॅडम. भाऊ हाय माझा."

"जीवनभाऊ, खाली पाणी न्हाई म्हणून फसू नका," ती म्हणाली. "खाली गॅस भरलाय. दिसत न्हाई, वास न्हाई. पाण्यात माणूस बुडतो तसा तुमी त्याच्यात बुडणार. भावापर्यंत पोचाल, पण त्यांना उचलायला तुमी शुद्धीवर राहणार न्हाई."

जीवन म्हणाला, की आपण आजवर इतक्या विहिरी उतरलो, असलं काही कधी बघितलं नाही. अप्पाही म्हणाले, की भोवळ आली असेल, उपाशीपोटी उतरला होता. शिवरंजनीजवळ दाखवायला काही नव्हतं. चव्वेचाळीस आणि एकोणतीस हे दोन आकडे डोक्यात गरगरत होते, आणि ते आकडे या माणसांसमोर बोलून काय उपयोग? तिची नजर निरांजनावर गेली. तिनं ते उचललं, जवळच्या बादलीत ठेवलं, बादलीला दोर बांधायला लागली. घाईत गाठ बसेना. शेवटी श्रीशैलनं ती बांधून दिली.

अप्पांनी हात आडवा केला. पूजेचा दिवा आहे, तो विहिरीत सोडायचा नाही, विझला तर अपशकुन. शिवरंजनीनं लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांच्या शब्दापुढं शब्द ठेवला नव्हता. आता तिनं फक्त त्यांच्याकडं बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अप्पांनी हात मागं घेतला.

बादली हळूहळू खाली गेली. ज्योत दिसत होती, सरळ, शांत. उन्हाच्या तिरिपेखाली गेल्यावर ती उलट जास्तच उठून दिसली. जीवन पुटपुटला, की बघा, जळायलाय की. आणि मग परमेश्वर पडला होता त्या टप्प्याच्या थोडं वर ज्योत आखडली, वातीवरून सुटल्यासारखी झाली आणि गेली. वारा नव्हता. कुणी फुंकर मारली नव्हती. धुराची बारीक रेघ वर न येता तिथंच आडवी पसरली.

बायनाबाई तोवर बांधावरून धावत आली होती. तिनं तो दिवा विझताना बघितला आणि ती मटकन खाली बसली.

अप्पा पुढं आले. कड्या जिथं सुरू होत होत्या, नेमकं त्या तोंडावर ते मांडी घालून बसले. आता उतरायचं तर म्हाताऱ्याच्या अंगावरून जावं लागणार होतं. ते जीवनला म्हणाले, "सूनबाई म्हणती तसं. हवा सोडल्याबिगर कुणी उतरायचं न्हाई."

खालून श्वास ऐकू येत होता. एक. मग बराच वेळ काही नाही. मग परत एक. जीवन काठावर गुडघे टेकून प्रत्येक श्वासाला सांगत होता, "चालू हाय, अजून चालू हाय." शिवरंजनीला वाटत होतं की तिनं कानांवर हात घ्यावेत. आपलं चुकलं तर? दिवा दुसऱ्याच कशानं विझला असेल तर? पुस्तकातल्या एका ओळीच्या जोरावर आपण एका माणसाला मरू देतोय, त्याच्या आईच्या देखत, त्याच्या भावाला धरून ठेवून. राजनंदिनीच्या वेळी निदान शिवरंजनीनं स्वतः काही केलं नव्हतं. आज जे होईल ते तिच्या शब्दानं होणार होतं.

श्रीशैल एवढ्यात कमरेला दोर बांधत होता. तो म्हणाला, की मी दम धरून जातो, बेशुद्ध पडलो तर तुम्ही वर ओढा. शिवरंजनीनं ते ऐकलं आणि तिची भीती एकदम दुसरीकडूनच उसळली. परक्याच्या भावाला अडवणं वेगळं. तिनं त्याच्यासमोर जाऊन ती गाठ सोडली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर ती किंचाळली असती, आणि मग सगळेच हातातून गेले असते.

हवा आत घालायची कशी, हा प्रश्न उरला होता. दोन शेतं सोडून किशनराव नव्या विहिरीच्या खडकाला भोकं पाडत होते. त्यांच्या ट्रॅक्टरला मागं कॉम्प्रेसर लावलेला आणि त्याला लांबलचक रबरी नळी. सकाळपासून त्याची घरघर सगळ्यांच्या कानावर होती, पण सुचलं ते शिवरंजनीला आत्ता. श्रीशैलनं फोन लावला. किशनरावांनी काम टाकून ट्रॅक्टर हाणला, दोन गड्यांना घेऊन बांध तुडवत आले. तोवर जीवन आणि श्रीशैल बाभळीच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून विहिरीत खाली-वर, खाली-वर करत राहिले, म्हणजे आतली हवा थोडी तरी ढवळली जाईल. ते खरंच काही उपयोगाचं होतं की नुसतं हाताला काम, कोण जाणे.

ट्रॅक्टर अगदी काठाला आला तेव्हा शिवरंजनी त्याच्या पुढं धावली. ट्रॅक्टरचा धूर विहिरीत गेला, किंवा कॉम्प्रेसरनं तोच धूर ओढून आत सोडला, तर होतं नव्हतं तेही संपणार होतं. किशनराव तापट माणूस. एवढ्या घाईत बाई माणूस ट्रॅक्टर मागं घ्या म्हणतंय हे त्यांना खपलं नाही. पण अप्पांनी हातानं खूण केली, आणि त्यांनी ट्रॅक्टर वाऱ्याचा अंदाज घेऊन लांब, उलट्या बाजूला लावला. नळी परमेश्वराच्या तोंडाजवळ येईल अशी सोडली. कॉम्प्रेसर चालू झाला.

आणि त्या आवाजात खालचा श्वास बुडाला.

शिवरंजनीच्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ तो होता. विहिरीतून कचरा, पाला, धूळ वर उसळत होती. कुजल्याचा वास काठावर पसरला. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. जीवन आता काही सांगत नव्हता. तो तिच्याकडं बघत होता, आणि त्या बघण्यात काय होतं ते तिला पुरतं कळत होतं. हवा स्वच्छ झाली का, हे दिवा सोडून बघावं तर नळीच्या झोतानं तो तसाही विझला असता. पाहायचा काही मार्गच उरला नव्हता. कुणीतरी विचारलं, आता उतरू का, आणि तिनं मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही.

बोलली ती बायनाबाई. आखाड्याच्या छपराला विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा गळ टांगलेला असतो, चार आकड्यांचा, लोखंडी. तिनं तो काढून आणला आणि अप्पांच्या पुढ्यात टाकला.

"पट्टा हाय त्याच्या कमरंला," ती म्हणाली. "बादली काढता तसं काढा माझ्या लेकराला."

जीवननं गळ सोडला. तो किती वेळा हुकला ते कुणी मोजलं नाही. एकदा सदरा अडकला आणि टरकन फाटला. एकदा मांडीत रुतला, तेव्हा परमेश्वराचा पाय किंचित हलला आणि काठावरच्या सगळ्यांच्या तोंडून एकच हुंकार निघाला, कारण मेलेल्या माणसाचा पाय हलत नाही. शेवटी आकडा पट्ट्यात बसला. श्रीशैल, किशनराव, त्यांचे दोन गडी आणि जीवन, सगळ्यांनी दोराला हात घातला. कातडी पट्टा तुटेल, वरून पडेल, डोकं दगडावर आपटेल, हे सगळं शिवरंजनीला आधीच दिसत होतं. ती बघू शकली नाही. ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून पाठमोरी उभी राहिली आणि कुणीतरी "धरा, खांदा धरा" म्हणालं, तेव्हाच वळली.

परमेश्वराचे ओठ जांभळे पडले होते. कुणी तोंडात पाणी घालायला गेलं, तिनं तांब्या हिसकावून घेतला. त्याला कुशीवर वळवला, सदरा सैल केला, भोवतीची माणसं मागं सारली. त्याची छाती हलली. मग पुन्हा. मग तो खोकला, उलटी केली, आणि पुन्हा श्वास घेतला. किशनरावांनी आपली जीप मागवली, तिच्यात घालून त्याला परभणीला नेलं, सगळ्या काचा उघड्या ठेवून. जीवन त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. जीप निघताना त्यानं शिवरंजनीकडं बघितलं नाही.

जीप दिसेनाशी झाली. श्रीशैलनं शिवरंजनीला धरून आखाड्यात नेलं. ती तिथं बाजेवर बसून राहिली, दात वाजत राहिले. भर उन्हाळ्यात अप्पांनी तिच्या अंगावर घोंगडी घातली.

परमेश्वर वाचला. दवाखान्यात बरेच दिवस राहिला. घरी आला तेव्हा बोलताना शब्द शोधायला लागायचा, आणि उजव्या हाताची पकड पहिल्यासारखी राहिली नाही. विहिरीत उतरणं संपलं. किशनरावांनी त्याला मोसंबीच्या बागेवर राखणीला ठेवलं. तिथं तो झाडाखाली बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला ओळखायचा, नाव मात्र थोड्या वेळानं आठवायचं.

गावात दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. मॅडमनं जीव वाचवला असं म्हणणारे होते. मॅडमनं अडवलं नसतं तर भाऊ लगेच उतरला असता, दादाला धडधाकट बाहेर काढला असता, असं म्हणणारेही होते, आणि त्यांत जीवन होता. तो तोंडावर काही बोलला नाही. रस्त्यात दिसली की बाजूला व्हायचा, एवढंच. शिवरंजनीला दोन्ही गोष्टी ऐकू यायच्या, आणि मनात खोल कुठं तरी ती दुसऱ्या बाजूला होती. दवाखान्यात गेली तेव्हा तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, की भावाला उतरू दिलं असतं तर. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, तर दोन आणले असते तुम्ही, आणि दोन्ही इथं नाही. ते दवाखान्याच्या कोणत्या भागाबद्दल बोलत होते ते तिला कळलं. त्यानंही तिचं मन हलकं झालं नाही. जे घडलं नाही, ते कुणी मोजून दाखवू शकत नव्हतं.

जूनमध्ये शाळा भरली. वायूंचा धडा आला तेव्हा तिनं फळ्यावर बारा लिहिलं, त्याखाली सोळा लिहिलं आणि खडू तसाच धरून उभी राहिली. वर्ग वाट बघत होता. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच बेरीज पुरी केली. ती म्हणाली, बरोबर. मग तिनं पोरांना परमेश्वरकाकांची गोष्ट सांगितली. नाव घेऊन, विहीर कुठली ते सांगून. त्या दिवशी वर्गात कुणी हसलं नाही. संध्याकाळी काही पोरांनी घरी जाऊन आपापल्या बापांना सांगितलं, आणि त्यानंतर लोक तिला विहिरीवर बोलवायला लागले. गाळ काढायचाय, धान्याचं जुनं पेव उघडायचंय, जरा येऊन बघता का. तिला ते नको वाटायचं. काठाशी गेली की ते घोरणं तिला पुन्हा ऐकू यायचं. घरातून निघताना ती दरवेळी ठरवायची की ही शेवटची. तरी जायची.

पुढच्या उन्हाळ्यात, एक दिवस दुपारी शाळा सुटताना, जीवन फाटकाशी उभा होता. त्यानं नमस्कार केला नाही. मातीकडं बघत म्हणाला, की किशनरावांच्या जुन्या विहिरीचं काम घेतलंय, उद्या उतरायचंय.

"तुमी एकदा येऊन बघता का," तो म्हणाला. "आई म्हणली, मॅडमला इचारल्याबिगर उतरू नको."

दुसऱ्या दिवशी ती गेली. श्रीशैलच्या गाडीवर मागं बसून, वाटभर त्याच्या सदऱ्याला घट्ट धरून. काठावर बायनाबाई होती, किशनराव होते. विहीर अप्पांच्या विहिरीपेक्षा रुंद, पाण्याचा थर दिसणारी, आत उजेडही बराच. दिवा सोडला तो तळापर्यंत जळत गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शिवरंजनी काठावरून वाकून बघत राहिली. एका बाजूला, पाण्याच्या रेषेजवळ, पालापाचोळ्याचा जाड थर सडत पडलेला होता, आणि गाळ ढवळल्यावर त्याच्यातून काय निघेल ते तिला ठाऊक नव्हतं. दिवा आत्ताचं सांगतो, तासाभरानंतरचं सांगत नाही. ती चुकत असेल. अख्खा दिवस, सगळी मजुरी वाया जाईल, गाव पुन्हा हसेल. तिचे हात पदराखाली थरथरत होते आणि ते जीवनला दिसत होतं.

तो पहिल्या पायरीशी तयार उभा होता, चपला काढून.

"उतरू का?" त्यानं विचारलं.

"आज न्हाई," ती म्हणाली. "आधी वरून पंप लावून पाणी आन् तो कचरा उपसून काढा. मंग बघू."

किशनराव काहीतरी बोलायला निघाले. जीवननं त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यानं वाकून चपला परत पायात घातल्या आणि पंप आणायला गेला.